‘रेगनॉमिक्सने महागाई उतरवली’ या विधानाविषयी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नेत्याच्या नावाला ‘नॉमिक्स’चे शेपूट जोडून घडवलेल्या शब्दांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी आपले आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. माझे म्हणणे असे होते की हे शब्द एखाद्या जाहीर कार्यक्रमाचे नाव म्हणून चालतात, परंतु वाक्यात कर्त्याच्या जागी बसले की दिशाभूल करतात. त्यावर आपण लिहिले आहे की राजकीय जोखीम नेताच उचलतो, सल्लागार आणि मध्यवर्ती बँकेचे अधिकारी पडद्याआड सुरक्षित असतात, त्यामुळे नाव नेत्याचेच लागले पाहिजे. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत (१९८१ ते १९८९) अमेरिकेतील महागाई तेरा टक्क्यांवरून चारच्या आसपास आली, तेव्हा तिचे श्रेय रेगनॉमिक्सला नाकारणे हा कोतेपणा आहे. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी आपल्या नावाचा शब्द स्वतःच मिरवला, म्हणून त्याला पत्रकारांचा खेळ म्हणता येत नाही. आणि ‘मोदीनॉमिक्स’वर मी एक ओळही लिहिली नाही, यातच माझा कल उघड होतो.

महागाईचा मुद्दा आपल्या प्रतिक्रियेत सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

आपले आकडे बरोबर आहेत. अमेरिकेतील ग्राहक किमतींची सरासरी वाढ १९८० मध्ये १३.५ टक्के होती आणि १९८३ मध्ये ती ३.२ टक्क्यांवर आली. प्रश्न आकड्यांचा नाही, ते कोणाच्या खात्यावर मांडायचे याचा आहे. पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, अध्यक्षपदी ऑगस्ट १९७९ मध्ये नेमले ते रेगन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, व्होल्कर यांनी जाहीर केले की यापुढे बँक व्याजदराऐवजी पैशाच्या पुरवठ्यावर लक्ष ठेवील, म्हणजेच व्याजदर जातील तिथवर जाऊ देईल. ते किती वर गेले हे आज वाचतानाही खरे वाटत नाही. बँकांमधील अल्पमुदतीच्या कर्जाचा दर १९८१ मध्ये वीस टक्क्यांच्या घरात पोहोचला आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत घरकर्जाचा दर अठरा टक्क्यांच्या वर गेला. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली. महागाई उतरली ती या मार्गाने. मार्ग क्रूर होता, आणि तो रेगन यांनी शपथ घेण्याच्या पंधरा महिने आधी धरला गेला होता.

त्या काळच्या सामान्य अमेरिकी माणसाला हे नीट कळत होते. घरे बांधणाऱ्या व्यावसायिकांनी बांधकामाच्या लाकडाचे तुकडे टपालाने पाठवले, त्यांवर व्याजदर कमी करण्याच्या विनवण्या आणि शिव्या लिहिलेल्या होत्या. मोटारविक्रेत्यांनी न खपलेल्या गाड्यांच्या किल्ल्या छोट्या शवपेट्यांत घालून धाडल्या. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून इमारतीला वेढा घातला. हे सारे गेले ते फेडरल रिझर्व्हच्या पत्त्यावर आणि ट्रॅक्टर उभे राहिले तेही त्याच दारात. व्याजदर कोणाच्या हातात आहे हे ज्यांचे धंदे बसले त्यांना पक्के ठाऊक होते. श्रेयाची पाटी लावताना मात्र आपण ती पुढे राष्ट्राध्यक्षांच्या दारावर ठोकली. पडद्याआडचे अधिकारी सुरक्षित असतात, या आपल्या विधानाचेही यात परस्पर उत्तर येते, कारण त्या वर्षांत देशातील सर्वांत शिव्याशाप खाल्लेल्या माणसांच्या यादीत व्होल्कर यांचे नाव बरेच वर असावे.

यावर एक प्रतिवाद संभवतो. आपण तो केलेला नाही, पण करायला हवा होता, कारण तो आपल्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा आहे. रेगन यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये जो आर्थिक कार्यक्रम काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, ठेवला त्याला चार खांब होते. करकपात, सरकारी खर्चाच्या वाढीला लगाम, नियमांचा बोजा कमी करणे, आणि चौथा, फेडरल रिझर्व्हच्या सहकार्याने पैशाच्या पुरवठ्याची वाढ आवरणे. म्हणजे तंग पैसा हाही रेगनॉमिक्सचाच भाग होता, असे कोणी म्हणू शकेल. कागदावर ते खरे आहे. रेगन यांनी व्होल्कर यांना मोठ्या प्रमाणावर मोकळे सोडले, १९८२ च्या मध्यावधी निवडणुकीत त्यांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातील २६ जागा गमावल्या तरी धोरण बदलायला लावले नाही आणि १९८३ मध्ये व्होल्कर यांची फेरनियुक्ती केली. याचे मोल मी कमी लेखत नाही. मतदारांचा रोष अंगावर घेऊन गप्प बसणे हे राजकारण्याला बोलण्यापेक्षा पुष्कळ जड जाते.

तथापि पाठिंबा देणे आणि धोरण आखणे यांत फरक आहे. शिवाय उरलेले तीन खांब चौथ्याला टेकू देत नव्हते, त्यातला एक तर त्याला ढकलत होता. ऑगस्ट १९८१ च्या कायद्याने प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आला, संरक्षणखर्च वाढला, आणि १९८३ च्या आर्थिक वर्षात तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांच्या जवळ गेली. एका हाताने बँक पैसा आवळत होती आणि दुसऱ्या हाताने सरकार कर्ज उचलत होते. परिणामी महागाई उतरल्यावरही खरे, म्हणजे महागाई वजा करून उरणारे, व्याजदर चढे राहिले, परदेशी भांडवल ओढले गेले, डॉलर फुगला आणि निर्यातदारांचे कंबरडे मोडले. शेवटी सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांना आणि मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांना बसून डॉलर खाली आणण्याचा करार करावा लागला. हे सगळे ‘रेगनॉमिक्स’ या एका शब्दात बसते असे मानले, तर तो शब्द एकाच वेळी परस्परविरोधी दोन गोष्टींचे नाव ठरतो, आणि मग त्यामुळे काय घडले हे सांगण्याच्या कामी तो येत नाही.

करांचेही तसेच आहे. रेगनॉमिक्स म्हणजे करकपात, हे आपणही गृहीत धरले आहे. १९८२ मध्ये रेगन यांनीच करवाढीच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली आणि १९८३ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीत वाढ करणारा कायदाही त्यांच्याच सहीने झाला. १९८६ च्या करसुधारणेने सर्वोच्च दर २८ टक्क्यांवर आणला, पण त्यासाठी असंख्य पळवाटा बुजवल्या, आणि ते विधेयक दोन्ही पक्षांच्या मतांनी मंजूर झाले. आणि नियम शिथिल करण्याचे म्हणाल, तर विमान वाहतूक १९७८ मध्ये, ट्रक वाहतूक आणि रेल्वे १९८० मध्ये मोकळी झाली, तिन्ही कायद्यांवर सही कार्टर यांची. ‘कार्टरनॉमिक्स’ हा शब्द मात्र आपल्या कानांवर कधी आला नसेल. यात नावाच्या नादाचाही थोडा हात असावा असे मला वाटते. निक्सन, रेगन, क्लिंटन ही नावे ‘न’वर संपतात आणि पुढच्या ‘नॉमिक्स’मध्ये अलगद मिसळतात.

मूळ लेखात राहून गेलेली एक गोष्ट इथे सांगतो, कारण ती खुद्द रेगन यांचीच आहे. हा शब्द लोकप्रिय करण्याचे श्रेय सामान्यतः नभोवाणीवरील निवेदक पॉल हार्वे यांना दिले जाते, पण १९८१-८२ च्या मंदीत तो विरोधकांच्या तोंडी टिंगलीचा शब्द म्हणून अधिक रुळला. पुढे अर्थव्यवस्था सावरल्यावर रेगन आपल्या भाषणांत मिस्कीलपणे म्हणू लागले की आमचा कार्यक्रम यशस्वी होत असल्याची सर्वांत चांगली खूण म्हणजे आता त्याला कोणी रेगनॉमिक्स म्हणत नाही. विनोद बाजूला ठेवला तरी त्यातली निरीक्षणशक्ती दाद देण्याजोगी आहे.

आता जोखमीचा मुद्दा. नाव त्याचे लागते जो जोखीम उचलतो, हा आपला सिद्धान्त न्यूझीलंडला लावून पाहू या. तिथे १९८४ ते १९८८ या काळातील उलथापालथीला ‘रॉजरनॉमिक्स’ म्हणतात, आणि हे रॉजर डग्लस पंतप्रधान नव्हते, अर्थमंत्री होते. पंतप्रधान होते डेव्हिड लाँगी. जुलै १९८४ ची निवडणूक लेबर, म्हणजे मजूर, पक्षाने जिंकली तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी आटत आली होती, आणि मावळते पंतप्रधान रॉबर्ट मल्डून अवमूल्यनाला तयार नव्हते. काही दिवसांतच चलनाचे २० टक्के अवमूल्यन झाले. मार्च १९८५ मध्ये चलनाचा दर बाजारावर सोडला गेला. शेतीची अनुदाने जवळजवळ सारी काढून घेतली गेली, आणि मेंढपाळांच्या देशात याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर १९८६ मध्ये दहा टक्के दराने वस्तू व सेवा कर आला, प्राप्तिकराचा ६६ टक्क्यांचा सर्वोच्च दर पुढच्या दोन वर्षांत निम्म्यावर आला, सरकारी खात्यांच्या कंपन्या झाल्या आणि पुढे त्यांतील काही विकल्या गेल्या.

हे सारे मजूर पक्षाच्या सरकारने केले, हे लक्षात घ्या. ज्या मतदारांनी पक्ष निवडून दिला त्यांना असे काही होणार असल्याची जाहीरनाम्यात चाहूल नव्हती. मतदारांपुढे उभे राहण्याची जोखीम पंतप्रधान म्हणून लाँगी यांनी घेतली, नाव लागले डग्लस यांचे. डिसेंबर १९८७ मध्ये सर्वांना एकच प्राप्तिकर दर लावण्याची योजना डग्लस यांनी मांडली, तेव्हा लाँगी बिचकले, आणि जानेवारीत डग्लस परदेशी असताना ती योजना त्यांनी एकतर्फी रद्द करून टाकली. वर्ष संपता संपता डग्लस मंत्रिमंडळाबाहेर गेले. त्यानंतर आठ महिन्यांत, ऑगस्ट १९८९ मध्ये, लाँगी यांनीही राजीनामा दिला. हे सगळे पाहिल्यावर मला वाटते की या जातीच्या शब्दांत रॉजरनॉमिक्स हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द आहे. कार्यक्रम खरोखर एका माणसाच्या डोक्यातून आलेला होता, त्याच्या हाताखाली ट्रेझरीतील, म्हणजे अर्थखात्यातील, अधिकाऱ्यांनी तो तयार केला होता, आणि जेव्हा त्याच्यात आणि त्याच्या नेत्यात फूट पडली तेव्हा धोरणच थांबले. तरीही आपल्या सिद्धान्ताला ते उदाहरण उपयोगी पडत नाही.

आबे यांच्याविषयी आपण म्हणता ते तथ्य मला मान्यच आहे आणि मूळ लेखातही ते होते. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उभे राहून त्यांनी गुंतवणूकदारांना आपला ‘आबेनॉमिक्स’ खरेदी करण्याचे आवाहन केले. इतक्या उघडपणे आपले नाव विकायला काढणारा दुसरा पंतप्रधान मला आठवत नाही. त्यांचे तीन बाण, म्हणजे सैल पतधोरण, सरकारी खर्च आणि रचनात्मक सुधारणा, हे मोरी मोतोनारी या सोळाव्या शतकातील सरदाराच्या कथेवरून घेतलेले होते. एक बाण मोडता येतो, तीन एकत्र बांधले तर मोडत नाहीत, असे त्याने मुलांना सांगितले म्हणतात. प्रतिमा सुरेख होती आणि ती जपानी माणसाला लगेच भिडली. परंतु नेत्याने शब्द स्वीकारला म्हणजे शब्दात मावणारे सारे त्याचे झाले, असे होत नाही.

जपानच्या अर्थव्यवस्थेला त्या काळात बसलेला सर्वांत ठळक धक्का पाहा. एप्रिल २०१४ मध्ये उपभोग कर ५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला, लोकांनी मार्चअखेर घाईघाईने खरेदी उरकून घेतली आणि पुढच्या तिमाहीत अर्थव्यवस्था आक्रसली. आबेनॉमिक्स फसल्याचे मथळे त्यानंतर सुरू झाले. ती करवाढ ऑगस्ट २०१२ च्या कायद्याने ठरलेली होती, आणि तो कायदा योशिहिको नोदा यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या सरकारने, आबे यांच्या पक्षाच्या सहमतीने, केलेला होता. आबे यांनी पहिला टप्पा अमलात आणला, त्याचे परिणाम पाहिले आणि दुसरा टप्पा दोनदा पुढे ढकलून ऑक्टोबर २०१९ पर्यंत नेला. तेव्हा या शब्दाने अपश्रेयही चुकीच्या जागी जाते. माझा आक्षेप नेत्यांना मोठेपणा मिळण्यावर आहे असे आपण समजलात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. जपानच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर हारुहिको कुरोदा यांनी एप्रिल २०१३ मध्ये बँक ऑफ जपानतर्फे सुमारे दोन वर्षांत २ टक्के महागाई आणण्याचा निर्धार केला होता. ती पातळी टिकून राहिली ती २०२२ पासून, आयात इंधन महागल्यावर आणि येन घसरल्यावर. तोवर आबे पद सोडून दीड वर्ष झाले होते. येनच्या घसरणीत दीर्घकाळच्या सैल पतधोरणाचा वाटा आहेच, तेव्हा हे आबेनॉमिक्सचे यश म्हणायचे की अपघात, यावर जाणकारांनीही भांडावे. शब्द त्या भांडणाचा निकाल देत नाही.

चीनचे उदाहरण एका वाक्यात आटोपतो. २०१३ मध्ये बार्कलेज या बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी पंतप्रधान ली खछ्यांग यांच्या नावाने ‘लीकॉनॉमिक्स’ हा शब्द काढला, आणि आर्थिक निर्णयांची सूत्रे शी जिनपिंग यांच्याकडे सरकत गेली तसा तो काही वर्षांत विरून गेला. जो बायडन यांनी जून २०२३ मध्ये शिकागोच्या भाषणात आपल्या नावाचा शब्द अभिमानाने उचलला. किमती चढ्याच राहिलेल्या लोकांना तो टोचू लागल्यावर त्यांच्याच पक्षाने तो हळूच खाली ठेवला.

राहिला मोदीनॉमिक्स. मूळ लेख परदेशी शब्दांबद्दल होता, एवढेच त्या मौनाचे कारण आहे, पण विचारलेच आहे तर टाळत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीला हे नाव कोणी दिले तर माझी हरकत नाही. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी स्वतः दूरदर्शनवर येऊन पाचशे आणि हजारच्या नोटा, म्हणजे चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्य, बाद झाल्याचे सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या मंडळाची शिफारस त्याच दिवशीची आहे. ज्याला पटते त्याने श्रेय द्यावे, ज्याला पटत नाही त्याने दोष द्यावा, नाव एकच आहे.

वस्तू व सेवा करावर मात्र तीच पाटी लावणाऱ्यांशी मी वाद घालीन, मग ते स्तुती करणारे असोत की टीका करणारे. या कराची घोषणा २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी केली होती, त्यासाठी घटनादुरुस्तीचे पहिले विधेयक २०११ मध्ये आले आणि बारगळले, गुजरातसह अनेक राज्यांचे त्याला आक्षेप होते, आणि १ जुलै २०१७ ला तो लागू झाला तो नव्या घटनादुरुस्तीनंतर. ती रेटून नेण्याचे श्रेय त्या सरकारचेच. तथापि त्याचे दर ठरवणाऱ्या परिषदेत मतांचे एक तृतीयांश वजन केंद्राचे आणि दोन तृतीयांश राज्यांचे असते, व निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. कोणत्याही एका सरकारला तो एकट्याने ठरवता येऊ नये अशीच त्याची घडण आहे. मुंबईकरांनी त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला. त्या रात्रीपासून मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या जकातनाक्यांवरील ट्रकच्या रांगा संपल्या आणि महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न बुडाले. ते भरून देण्याची व्यवस्था राज्य विधिमंडळाने वेगळा कायदा करून केली, आणि तेव्हापासून पालिकेचा त्या पैशांसाठीचा डोळा मंत्रालयाकडे असतो. या साखळीत दिल्ली, राज्ये आणि परिषद असे तीन कर्ते आहेत. शब्द एकाचेच नाव घेतो.

आपल्याकडचे याहून जुने आणि अधिक मान पावलेले उदाहरण ‘मनमोहनॉमिक्स’चे आहे, आणि ते आपण स्वतःच आपल्या बाजूने दिले आहे. परवानाराज मनमोहनसिंग यांच्या अर्थसंकल्पाने संपवले, असे आपण लिहिता. २४ जुलै १९९१ चा दिवस जरा जवळून पाहावा. अठरा उद्योग वगळून बाकी सर्वांना परवान्याच्या सक्तीतून मोकळे करणारे औद्योगिक धोरणाचे निवेदन त्या दिवशी संसदेत ठेवले ते उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी. उद्योग खाते पंतप्रधान नरसिंह राव यांनी स्वतःकडे ठेवलेले होते, आणि त्याआधी दोन वेळा रामटेकमधून लोकसभेवर गेलेल्या या मुरलेल्या गृहस्थांनी ते निवेदन करण्याचा मान मात्र स्वतः घेतला नाही. अर्थसंकल्प त्यानंतर, त्याच दिवशी मांडला गेला. सर्वांचे लक्ष तिकडे वळले, आणि परवाने रद्द झाल्याची बातमी त्याच्या सावलीत गेली. राव यांना ते तसेच हवे असावे, हा माझा तर्क आहे. मनमोहनसिंग यांचा जुलैच्या पहिल्या आठवड्यातील रुपयाच्या अवमूल्यनातील वाटा, त्यांनी व्यापारधोरणाला दिलेली दिशा आणि त्या अर्थसंकल्पाचे धैर्य यांबद्दल मला शंका नाही. परंतु आपण ज्या एका निर्णयासाठी त्यांचे नाव घेतले आहे, त्या निर्णयाची फाईल दुसऱ्या खात्याची होती.